पिढ्यांची गोष्ट, दुकानातली संध्याकाळ

तीन-चार पिढ्यांची कादंबरी लिहिणारा लेखक पुस्तकाच्या दुकानात वाचकांसमोर बसला, की एक प्रश्न हमखास येतो : हे सगळं तुमच्या घरात घडलेलं आहे का? विचारणारी व्यक्ती बहुधा साठीच्या पुढची असते. लेखकाचं उत्तर पुरं व्हायच्या आत ती आपल्या आजीची हकीकत सांगू लागते. आजी कुठल्या गावातून आली, पहिलं मूल कसं गेलं, घर कुणी विकलं, कोणत्या भावानं कोणाशी बोलणं टाकलं. वेळ सांभाळणारा माणूस अस्वस्थ होतो, पण मागच्या खुर्च्यांवरचे लोक माना पुढे काढून ऐकत असतात.

राजकारणावरच्या पुस्तकाच्या किंवा रहस्यकथेच्या कार्यक्रमात हे सहसा होत नाही. तिथे लोक प्रश्न विचारतात आणि उत्तर घेऊन खाली बसतात. कुटुंबाची कादंबरी मात्र श्रोत्याच्या पोटातली गोष्ट बाहेर काढते. मला याचं कारण असं वाटतं, की या जातीच्या कादंबऱ्या कागदावर उतरण्याआधी कित्येक वर्षं कुणीतरी कुणाला तरी तोंडानं सांगितलेल्या असतात. ओसरीवर, चुलीपुढे, दुखणाइताच्या उशाशी. लेखक त्या ऐकतो, जोडतो, मोडतो, छापतो. मग दुकानातल्या त्या तासाभरात त्या पुन्हा बोलण्यात येतात आणि त्यांचं मूळचं रूप त्यांना परत मिळतं. लेखकभेटीच्या या प्रथेकडे पुस्तक खपवण्याची युक्ती म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. ती युक्ती आहेच. पण कुटुंबकथांच्या बाबतीत तिथे आणखीही काही घडतं, आणि ते नीट पाहण्याजोगं आहे.

आधी ही संध्याकाळ चालते कशी ते सांगतो. अमेरिकेत साखळी दुकानांपासून वेगळी, एकट्या मालकाची किंवा भागीदारीतली जी पुस्तकदुकानं आहेत, त्यांनी ही प्रथा रुजवली. वॉशिंग्टनमधलं 'पॉलिटिक्स अँड प्रोज' हे १९८४ साली सुरू झालेलं दुकान कार्ला कोहेन आणि बार्बरा मीड या दोघींनी लेखकांच्या कार्यक्रमांच्या बळावर देशभर नावारूपाला आणलं. तिथले अनेक कार्यक्रम सी-स्पॅन वाहिनीच्या 'बुक टीव्ही'नं चित्रित करून घरोघरी पोहोचवले. अशा दुकानांत साधारण संध्याकाळी सातची वेळ असते. कपाटं बाजूला सरकवतात, घडीच्या खुर्च्या मांडतात. दुकानातलाच कुणीतरी, ज्यानं पुस्तक खरोखर वाचलेलं आहे असा, चार वाक्यांत लेखकाची ओळख करून देतो. लेखक पंधरा-वीस मिनिटं वाचतो. मग दुसरा एखादा लेखक किंवा पत्रकार त्याच्याशी गप्पा मारतो, श्रोत्यांचे प्रश्न होतात आणि शेवटी सहीसाठी रांग लागते. रांगेत उभं असतानाच दुकानातली मुलं प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून ती शीर्षकपानाशी अडकवतात, म्हणजे लेखकाकडून नावाचं स्पेलिंग चुकत नाही. कुटुंबाच्या कादंबरीच्या रांगेत दोन-दोन प्रती घेतलेले लोक खूप दिसतात. एक स्वतःसाठी आणि एक आईसाठी.

प्रवेश बहुतेक ठिकाणी मोफत असतो, पण प्रत त्याच दुकानातून घ्यावी अशी अपेक्षा असते. नामवंत लेखक असेल तर तिकीट लावतात आणि त्यातच पुस्तकाची किंमत धरतात. अमेरिकेत नवी पुस्तकं बहुधा मंगळवारी बाजारात येतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांच्या खपावर खपाच्या यादीतली जागा बरीच अवलंबून असते. म्हणून प्रकाशक त्याच काळात लेखकाला शहरामागून शहर फिरवतो. विमानाचा आणि हॉटेलचा खर्च त्याचा, मानधन मात्र सहसा नाही. न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत पाठवता येतात, ही सवलत १९३० च्या दशकातल्या मंदीत रूढ झाली आणि अजून टिकून आहे. तिच्यामुळे छोटा दुकानदार एका संध्याकाळसाठी शंभर प्रती मागवण्याचं धाडस करू शकतो. आपल्याकडच्या छोट्या विक्रेत्यांशी बोलताना मला ही सवलत पुन्हापुन्हा आठवते. जर्मनीत रीत निराळी आहे. तिथे लेखकाच्या वाचनाला तिकीट असतं, लेखकाला मानधन मिळतं आणि वाचनही अधिक वेळ चालतं. लेखकाच्या तोंडून गद्य ऐकणं हीच तिथे संध्याकाळ घालवण्याची पुरेशी सबब मानली जाते. मला ही रीत अधिक सभ्य वाटते.

सातशे पानांच्या कादंबरीतून वीस मिनिटांत काय वाचायचं, हा प्रश्न कुटुंबकथेच्या लेखकाला फार छळतो. वाचक वंशवेलीचं पान उलटून बघू शकतो, श्रोता नाही. पणजोबा, त्यांचे दोन भाऊ, तिघांच्या बायका आणि नऊ मुलं अशी यादी कानावरून वाहून जाते. म्हणून जाणते लेखक असा प्रसंग निवडतात ज्यात दोन-तीनच माणसं आहेत आणि कुणीतरी उंबरठा ओलांडतं आहे. लग्न होऊन सासरी येणारी मुलगी, घर सोडणारा मुलगा, बंदरात लागलेली बोट. कानासाठी वेगळं काम करावं लागतं हे चार्ल्स डिकन्सला केव्हाच कळलं होतं. डिसेंबर १८६७ ते एप्रिल १८६८ या काळात तो अमेरिकेत वाचनाचे ७६ प्रयोग करून गेला. तिकिटांसाठी लोक रस्त्यावर गाद्या टाकून रात्र काढत. तो छापील पुस्तक जसंच्या तसं वाचत नसे. वाचनासाठी त्यानं स्वतंत्र प्रती तयार केल्या होत्या, त्यांत परिच्छेद कापले होते, वाक्यं बदलली होती, समासात सूचना लिहिल्या होत्या. आजचे लेखकही दुकानात वाचायच्या प्रतीवर पेन्सिलीनं काटछाट करून येतात.

आता एका कादंबरीपाशी जरा थांबतो. मिन जिन ली यांची 'पचिंको' ७ फेब्रुवारी २०१७ रोजी, मंगळवारीच, प्रकाशित झाली. १९१० साली जपाननं कोरिया गिळंकृत केला तिथपासून १९८९ पर्यंतचा पट, चार पिढ्या. बुसानजवळच्या बेटावर खानावळ चालवणाऱ्या घरातली सुंजा ही मुलगी तिच्या केंद्रस्थानी आहे. लग्न झालेल्या धनाढ्य माणसापासून तिला दिवस जातात, एक आजारी पाद्री तिला पदरात घेतो आणि ती दोघं ओसाकाला जातात. पुढे नवरा तुरुंगात गेल्यावर ती गाडीवर किमची विकून मुलांना वाढवते. मुलं आणि नातू जपानमध्ये जन्मतात, जपानी बोलतात आणि तरीही परके राहतात. हा परकेपणा कायद्यानंच लादलेला होता. वसाहतीच्या काळात जपानची प्रजा ठरलेल्या या लोकांचं नागरिकत्व १९५२ साली काढून घेण्यात आलं. नंतरची कित्येक वर्षं त्यांना परदेशी म्हणून नोंद करून बोटांचे ठसे द्यावे लागत. कादंबरीत सुंजाचा नातू सॉलोमन आपल्या चौदाव्या वाढदिवशी अशा नोंदणीला जातो. वाढदिवसाचा आनंद आणि सरकारी कचेरीतली काळी शाई एकाच दिवसात आणणारं हे प्रकरण माझ्या मते या पुस्तकाचा गाभा आहे.

ली स्वतः १९६८ साली सोलमध्ये जन्मल्या आणि सात वर्षांच्या असताना आईवडलांबरोबर न्यूयॉर्कला आल्या. जपानमधल्या कोरियनांशी त्यांच्या घराचा थेट संबंध नव्हता. १९८९ साली येल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जपानमध्ये काम केलेल्या एका मिशनऱ्याचं भाषण ऐकलं. कोरियन वंशाच्या एका तेरा वर्षांच्या मुलानं इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला होता, आणि मागाहून त्याच्या शाळेच्या वार्षिकात वर्गमित्रांनी लिहिलेल्या वंशद्वेषी शिव्या आईबापांना सापडल्या, एवढीच ती हकीकत. ती त्यांच्या मनातून गेली नाही. त्यांनी वकिली केली, ती सोडली आणि या विषयावर एक कादंबरी लिहूनही काढली. २००७ ते २०११ या काळात नवऱ्याच्या नोकरीमुळे टोकियोत राहण्याचा योग आला, तेव्हा त्या तिथल्या कोरियन घरांमध्ये जाऊन बसू लागल्या. आजी-आजोबांशी, पचिंकोच्या यंत्रखेळांची दुकानं चालवणाऱ्यांशी, बाजारात काम केलेल्या बायकांशी बोलल्या. आपण इतिहासानं चिरडलेल्या लोकांची कहाणी लिहिली आहे, पण ही माणसं स्वतःकडे तशी पाहतच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आधीचं हस्तलिखित बाजूला टाकलं आणि नव्यानं सुरुवात केली. भाषण ऐकल्यापासून पुस्तक हाती येईपर्यंत अठ्ठावीस वर्षं गेली.

हा सगळा प्रवास ऐकण्यातून झालेला आहे. आधी एका वक्त्याला ऐकलं, मग अनेक घरांत बसून ऐकलं, आणि नंतर ऐकलेल्या आवाजांना मान देऊन आपलं लिहिलेलं टाकून दिलं. हे शेवटचं करायला फार मोठं मन लागतं. पुस्तक त्या वर्षी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत आलं, २०२२ साली त्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली, असंख्य लोकांना सुंजा माहीत झाली. पण त्या अठ्ठावीस वर्षांची हकीकत कादंबरीच्या गोष्टीत येत नाही. लेखिका समोर बसून बोलते तेव्हा ती तिच्या तोंडून ऐकायला मिळते, आणि ऐकल्यावर कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटते.

भारतीय वाचकाला अधिक जवळचं उदाहरण अब्राहम वर्गीस यांचं. आईवडील केरळचे, दोघंही शिक्षक, नोकरीनिमित्त इथिओपियात गेलेले. वर्गीस १९५५ साली अदिस अबाबात जन्मले, वैद्यकीचं शिक्षण मद्रासमध्ये पुरं केलं आणि संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर म्हणून अमेरिकेत गेले. टेनेसीतल्या एका लहान शहरात एड्सच्या रुग्णांवर उपचार करताना आलेल्या अनुभवांवर त्यांचं पहिलं पुस्तक आहे. त्यानंतर ते स्टॅनफर्डला शिकवू लागले. २ मे २०२३ रोजी त्यांची 'द कव्हनंट ऑफ वॉटर' आली, सातशेहून अधिक पानांची. १९०० ते १९७७, केरळातलं एक सिरियन ख्रिस्ती घराणं, परांबिल नावाची जागा, आणि पिढी दर पिढी कुणीतरी पाण्यात बुडून मरण्याचा शाप. सुरुवात बारा वर्षांच्या नवरीपासून होते. चाळिशीच्या विधुराशी तिचं लग्न ठरलं आहे आणि ती होडीतून निघाली आहे. दोन-तीनच माणसं आणि ओलांडायचा उंबरठा, असं जे मघाशी म्हटलं ते इथे अगदी पहिल्या पानांतच मिळतं.

या कादंबरीच्या मुळाशी एक वही आहे. वर्गीस यांच्या आईला, मरियमला, तिच्याच नावाच्या छोट्या नातीनं विचारलं होतं की आजी, तू लहान होतीस तेव्हा कसं होतं? तोंडी उत्तर देऊन न थांबता आजीनं वही घेतली आणि केरळातलं आपलं बालपण, घरातल्या हकिकती, ऐकीव दंतकथा स्वतःच्या अक्षरात लिहून काढल्या, मध्येमध्ये चित्रंही काढली. लेकाला ती वही पुढे कादंबरीसाठी उपयोगी पडली. बोलक्या पुस्तकाच्या आवृत्तीसाठी एकतीस तासांची ही कादंबरी वर्गीस यांनी स्वतःच्या आवाजात वाचली आहे. मल्याळम नावांचे उच्चार, घरातली हाक मारण्याची पद्धत, डॉक्टरी शब्द, सगळं त्यांच्या तोंडून येतं. आजीच्या वहीतलं बोलणं लेकाच्या आवाजात पुन्हा ऐकू यावं, यात मला फार समाधान वाटतं. या पुस्तकाच्या भेटीत मात्र एक पथ्य पाळावं लागतं. घराण्यातल्या बुडण्यामागचं वैद्यकीय कारण शेवटाकडे उलगडतं, त्यामुळे पुस्तक वाचून आलेल्यांनी न वाचलेल्यांसमोर ते फोडायचं नसतं. श्रोते हे पथ्य कसोशीनं पाळतात.

सुरुवातीच्या त्या प्रश्नाकडे, म्हणजे खरं किती आणि रचलेलं किती याकडे, आता जायला हवं. या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा अ‍ॅलेक्स हेली यांनी दिली. हेली टेनेसीतल्या हेनिंग गावात वाढले. ओसरीवर संध्याकाळी आजी आणि तिच्या बहिणी घराण्याची गोष्ट सांगत, तिची सुरुवात गुलाम म्हणून पकडून आणलेल्या एका आफ्रिकन पूर्वजापासून होई. अमेरिकी तटरक्षक दलातली वीस वर्षांची नोकरी आटोपल्यावर हेली या गोष्टीचा माग काढत निघाले, गॅम्बियातल्या जुफुरे गावी पोहोचले आणि तिथल्या एका कथेकऱ्याकडून त्यांनी आपल्या पूर्वजाचं, कुंटा किंटेचं, नाव ऐकलं. १९७६ साली 'रूट्स' प्रकाशित झालं. सात पिढ्यांची ती कहाणी होती. जानेवारी १९७७ मध्ये ती सलग आठ रात्री दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, आणि हेली जिथे सही करायला बसत तिथे रांगा लागू लागल्या. कृष्णवर्णीय कुटुंबं आजीला, नातवंडांना घेऊन यायची. गुलामीनं ज्यांच्या घराण्यांची नावंच पुसून टाकली होती, त्यांच्या हातात पहिल्यांदा एका घराण्याची वंशवेल आली होती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आपल्या पूर्वजांची चौकशी करणाऱ्यांची संख्या त्यानंतर झपाट्यानं वाढली.

दुकानांत 'रूट्स' ललितेतर विभागात ठेवलं जाई आणि खपाच्या यादीतही तिथेच होतं. हेली मात्र आपल्या लेखनात सत्य आणि कल्पना मिसळलेली असल्याचं सांगत. वाद उठायला वेळ लागला नाही. हॅरॉल्ड कुरलँडर या लेखकानं आपल्या 'द आफ्रिकन' या १९६७ सालच्या कादंबरीतला मजकूर घेतल्याचा दावा न्यायालयात केला आणि १९७८ साली हेलींनी तडजोड करून त्याला पैसे दिले. वंशावळीच्या अभ्यासकांनी कागदपत्रं तपासून अमेरिकेतल्या जुन्या पिढ्यांबद्दलचे तपशील जुळत नसल्याचं दाखवलं. हे आक्षेप गंभीर आहेत आणि दुसऱ्याचा मजकूर घेणं क्षम्य नाही. तरीही 'रूट्स'नं जे केलं ते खोटं ठरत नाही. ओसरीवर ऐकलेली गोष्ट कागदांत सापडत नाही, कारण ज्यांनी कागद लिहिले त्यांच्या लेखी ही माणसं मालमत्तेच्या यादीतल्या नोंदी होती. अशा घराण्याला कथेचाच आधार उरतो. पण मग ती कथा आहे हे कव्हरवर स्पष्ट छापलं पाहिजे, एवढा धडा प्रकाशकांनी यातून घेतला असता तर बरं झालं असतं.

उलट बाजूचा अनुभव थॉमस मानचा. 'बुडेनब्रुक्स' १९०१ साली आली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. ल्यूबेक शहरातल्या एका व्यापारी घराण्याचा चार पिढ्यांतला ऱ्हास त्यात आहे. हस्तलिखित अर्धं कापा, असं प्रकाशक फिशरनं सांगितलं होतं, मान ऐकला नाही. ल्यूबेकमधल्या लोकांनी कादंबरीतलं कोणतं पात्र म्हणजे गावातली कोणती व्यक्ती, याच्या याद्या करून त्या हातोहात फिरवल्या. १९१३ साली त्याच्या सख्ख्या काकानं, फ्रीड्रिख मान यांनी, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पुतण्याचा निषेध केला. कादंबरीतला ख्रिस्तियान आपल्यावरून बेतला आहे हे त्यांच्या वर्मी लागलं होतं. १९२९ साली नोबेल मिळालं ते प्रामुख्यानं याच पुस्तकासाठी, आणि आज ल्यूबेकमध्ये मेंगश्ट्रासवरचं आजोबांचं घर 'बुडेनब्रुक' या नावानंच ओळखलं जातं. घरच्यांनी सांगितलेलं घराबाहेर नेणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते. दुकानातल्या भेटीत लेखक 'सगळं काल्पनिक आहे' असं घाईनं म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात असा एखादा काका असू शकतो.

लुईज अर्ड्रिक यांची गोष्ट तर दुकानाच्या मालकिणीचीच आहे. त्या नॉर्थ डकोटातल्या टर्टल माउंटन चिपवा जमातीच्या. १९८४ सालच्या 'लव्ह मेडिसिन'पासून त्यांनी ओजिब्वे, म्हणजेच चिपवा, कुटुंबांच्या एकमेकांत गुंतलेल्या पिढ्या कादंबरीमागून कादंबरीत रंगवल्या आहेत. २००१ साली त्यांनी मिनियापोलिसमध्ये 'बर्चबार्क बुक्स' हे दुकान काढलं. मूळनिवासींची पुस्तकं, त्यांच्या भाषांची पुस्तकं आणि हस्तकला तिथे मिळतात. चर्चमधलं लाकडी कबुलीघर आणून दुकानात ठेवलेलं आहे. त्यांचे आजोबा पॅट्रिक गूर्नो जमातीचे अध्यक्ष होते आणि रात्री एका कारखान्यात पहारेकरी म्हणून काम करत. अमेरिकी काँग्रेसनं १९५३ साली जमातींशी असलेले करार संपवण्याचा ठराव केला, तेव्हा या पहारेकऱ्यानं आपल्या जमातीसाठी वॉशिंग्टनपर्यंत जाऊन लढा दिला. त्या काळातली त्यांची पत्रं घरात जपून ठेवलेली होती. त्यांवर आधारलेली 'द नाइट वॉचमन' मार्च २०२० मध्ये प्रकाशित झाली, नेमकी महासाथीनं दुकानं बंद केली त्या महिन्यात. खुर्च्या मांडून वाचन करणं अशक्य झालं. तरी पुढच्या वर्षी या कादंबरीला पुलित्झर मिळालं.

महासाथीत लेखकभेटी पडद्यावर गेल्या. कुठूनही सामील होता येऊ लागलं हा मोठा फायदा होता. पण पडद्यावरच्या प्रश्नोत्तरांत प्रश्न टंकून पाठवायचा असतो, आणि आजीची हकीकत कुणी टंकत बसत नाही. त्यामुळे दुकानं उघडल्यावर लोक परत आले याचं मला आश्चर्य वाटलं नाही. ही दुकानं लोकांना किती हवी असतात याचा दाखला आधीच मिळाला होता. शांततावादी कार्यकर्ते रॉय केपलर यांनी १९५५ साली स्टॅनफर्डजवळ मेन्लो पार्कला काढलेलं 'केपलर्स' ३१ ऑगस्ट २००५ रोजी अचानक बंद झालं. गावकऱ्यांनी सभा घेतल्या, पैसे उभे केले आणि ऑक्टोबरात दुकान पुन्हा उघडलं. पुढे २०१२ साली त्याची सूत्रं भारतीय वंशाचे प्रवीण मदन यांच्याकडे गेली, आणि लेखकभेटींच्या कार्यक्रमांसाठी वेगळी, नफा न घेणारी संस्था उभी राहिली. विक्रीचा धंदा आणि कार्यक्रमांचं लोककार्य यांचे हिशेब निराळे ठेवण्याची ही रचना आपल्याकडच्या विक्रेत्यांनी आणि ग्रंथालयांनी एकदा बारकाईनं पाहावी. मुंबईत फोर्टमधला शानभागांचा 'स्ट्रँड बुक स्टॉल' १९४८ पासून चालून २०१८ साली बंद झाला, तेव्हा हळहळणारे हजारो होते. पण त्या हळहळीला धरून ठेवील अशी कोणतीही व्यवस्था नव्हती.

मराठीत कुटुंबाच्या कादंबरीची परंपरा भक्कम आहे. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' १९८७ साली दोन खंडांत आली. जगबुडी नदीकाठचं खोतांचं घराणं, चार पिढ्या, सत्ता आणि तिची उतरंड. रंगनाथ पठारे यांच्या २०१९ सालच्या 'सातपाटील कुलवृत्तांत'नं तर कित्येक शतकांचा पल्ला घेतला आणि 'कुलवृत्तांत' हा शब्दच नावात आणला. आपल्याकडे अनेक घराण्यांनी खरोखरचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुषापासून आजच्या नातवंडापर्यंत शाखा, उपशाखा, नोकऱ्या, स्थलांतरं, सगळं त्यांत काळजीपूर्वक नोंदलेलं असतं. जुने खंड उघडून पाहिले तर लेकी लग्नानंतर वेलीवरून गळून पडतात आणि सुना नावापुरत्या उरतात. घरातली गोष्ट मात्र याच बायका सांगत आलेल्या आहेत. सुंजा काय, वर्गीस यांची बारा वर्षांची नवरी काय, या कादंबऱ्यांनी वंशवेलीतली ही रिकामी जागा भरली आहे, आणि दुकानात उभं राहून बोलणाऱ्यांच्या तोंडी आजोबांपेक्षा आजीच अधिक येते ती यामुळेच.

आपल्या पुस्तकप्रकाशनाच्या समारंभांत मला एकच गोष्ट फार खटकते. अध्यक्ष बोलतात, प्रमुख पाहुणे बोलतात, प्रकाशक बोलतात, लेखक शेवटी मनोगत व्यक्त करतो. पुस्तकातलं एक पानही कुणी वाचत नाही आणि श्रोत्यांना प्रश्न विचारायला वेळ उरत नाही. ऐकण्याची सवय तर आपल्या हाडांत मुरलेली आहे. चातुर्मासात घरोघरी पोथी वाचली जायची, कीर्तनाला गाव लोटायचं, पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आलेली आहे. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी गावोगाव कविता वाचून हजारोंच्या सभा भरवल्या. पार्ल्याच्या मॅजेस्टिक गप्पांना पिढ्यान्‌पिढ्या श्रोते येत राहिले. कादंबरीचं गद्य लेखकाच्याच तोंडून ऐकण्याची प्रथा मात्र आपण तितकी लावून घेतली नाही.

ती लावायला फार काही लागत नाही. खेड, चिपळूण, दापोली इथल्या एखाद्या पुस्तकदुकानात किंवा सार्वजनिक वाचनालयात 'तुंबाडचे खोत'मधली दोन प्रकरणं वाचायची ठरवावीत. पेंडसे २००७ साली गेले, तेव्हा वाचन एखाद्या चांगल्या अभिवाचकानं करावं, पण ज्याला त्या मुलखाची बोली येते अशानंच. भाषणं नकोत. वाचनाला अर्धा तास आणि बोलण्याला पाऊण तास ठेवावा, आणि जगबुडीच्या काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम बोलावणं करावं, खोतांच्या घरातल्यांना आणि त्यांच्या कुळांच्या घरातल्यांनाही, कारण एकाच वाड्याची गोष्ट या दोन घरांत सारखी सांगितली जात नसणार. हयात कादंबरीकारांनी आपली नवी पुस्तकं घेऊन असंच तालुक्याच्या गावी जावं आणि प्रकाशकांनी निदान प्रवासखर्च उचलावा. श्रोते जे बोलतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, सांगणाऱ्याचं नाव-गाव आणि परवानगी घेऊन, तिथल्याच वाचनालयात जमा करावं.